गोगलगायींचा टेरारियम: जोडी बघायला झकास, अंड्यांसाठी उथळ

बागेत दिसते ना ती तपकिरी गोगलगाय, कॉर्नू अ‍ॅस्पर्सम, तिच्यासाठी हा अ‍ॅक्रिलिकचा टेरारियम (प्राणी पाळायची पारदर्शक पेटी) घेतला आणि भिंती इतक्या क्लिअर आहेत की जोडी जमायला लागली तेव्हा मी तिथून हललेच नाही. दोघी समोरासमोर येऊन गोल गोल फिरतात, शिंगांनी चाचपतात, तोंडाला तोंड लावतात, मधेच चावतात, हे तासन्‌तास चालतं. आणि मग बाण! एकीच्या शरीरातून निघालेला, चुन्याचा, साधारण ९ मिमीचा, चार धारांचा, थेट जोडीदाराच्या अंगात घुसतो. भिंतीला चिकटूनच चाललेलं म्हणून कातडीबाहेर राहिलेलं त्याचं पांढरं टोक मला स्पष्ट दिसलं. याचे पूर्ण मार्क.

बऱ्याच जणांना वाटतं बाणातून शुक्राणू जातात, तसं नाहीये, खरं काम बाणावरच्या चिकट स्रावाचं. एरवी मिळालेले बहुतेक शुक्राणू जोडीदाराच्या शरीरात पचूनच जातात, हा स्राव पचनाकडे जाणारी ती वाट आवळतो आणि जास्त शुक्राणू वाचतात. मॅकगिल युनिव्हर्सिटीच्या रोनाल्ड चेस यांच्या टीमने २००६ मध्ये हा स्राव नुसता सुईने टोचून बघितला, तर सलाईन टोचलेल्यांच्या तुलनेत दुपटीहून जास्त पिल्लं तेव्हा शुक्राणू देणाऱ्या जोडीदाराची निघाली! किती भारी आहे हे. आणि बाण नेहमी लागतोच असं नाही, चुकतातही बरेच.

आता तक्रार. या जातीची प्रत्येक गोगलगाय नरही आणि मादीही, म्हणजे दोघीही अंडी घालणार, आणि त्यासाठी त्या डोकं मातीत खुपसून खोल खड्डा करतात. इथे तळाचा ट्रे जेमतेम दोन बोटं खोल. माझ्याकडे एकीने खणलं, खाली प्लास्टिक लागलं, सोडून दिलं, शेवटी अंडी कोपऱ्यात उघड्यावरच घातली आणि ती सुकून गेली, फार वाईट वाटलं. बनवणाऱ्यांनी एवढा विचार करायलाच हवा होता, पिल्लंच होणार नसतील तर अर्धी गंमत गेली. तोपर्यंत खोल डब्यात ओलसर भुसभुशीत माती भरून आत ठेवा, पण जोडी जमल्यावर लगेच अंड्यांची घाई करू नका, त्या शुक्राणू साठवून ठेवतात, खूप उशिराही घालू शकतात.

झाकणाची जाळी ठीक आहे, हवा खेळते, फक्त रोज पाणी फवारावं लागतं. लॉक मात्र ढिला आहे, रात्री त्या ढकलून बाहेर येतात, वर काहीतरी जड ठेवा.