हान यांगलिंग: काचेखाली उभे असलेले मातीचे कळप

चीनमधील शिआनला जाणारे बहुतेक प्रवासी छिन सम्राटाचे मातीचे सैन्य पाहून परततात. आमच्या सहलीच्या कार्यक्रमातही यांगलिंग या समाधी-संग्रहालयाचे नाव नव्हते. विमानतळ त्याच बाजूला असल्यामुळे शेवटच्या दिवशी आम्ही स्वतंत्र गाडी करून तेथे गेलो, आणि साऱ्या प्रवासात मनात घर करून राहिले ते हेच संग्रहालय.

इ.स.पू. १५७ ते १४१ या काळात राज्य करणाऱ्या हान घराण्यातील सम्राट जिंग याची ही समाधी. तिच्या टेकडीभोवती ८१ चर सूर्यकिरणांसारखे पसरलेले असून, त्यांतील काही चरांवर २००६ मध्ये भूमिगत दालन उभारण्यात आले. बुटांवर आवरणे चढवून काचेच्या जमिनीवरून चालायचे आणि खाली, जेथे सापडल्या तेथेच ठेवलेल्या मूर्ती पाहायच्या, अशी ही व्यवस्था आहे.

माणसांच्या मूर्ती सुमारे ६० सेंटिमीटर उंचीच्या आहेत. त्यांचे लाकडी हात आणि रेशमी वस्त्रे कुजून गेल्यामुळे त्या आज उघड्या आणि हातांविना दिसतात. मला मात्र जनावरांच्या चराजवळून पाय काढवेना. मेंढ्या, शेळ्या, डुकरे, कुत्री अशी रांगेवर रांग, सगळी एकाच दिशेला तोंड करून, जणू कोणी नुकतीच वाड्यातून बाहेर काढली आहेत. मृत्यूनंतरही सम्राटाच्या घरी काही कमी पडू नये, म्हणून हे सारे पशुधन त्याच्यासोबत पुरलेले. साच्यातून काढलेल्या मूर्ती म्हटल्यावर मी एकसारखेपणाची अपेक्षा केली होती. पण डुकरिणीचे लोंबणारे पोट आणि त्यावरचे सड, कुत्र्याची पाठीवर वळलेली शेपटी, हे पाहिले की त्या कारागिरांनी जनावरे रोज जवळून पाहिली होती याची खात्री पटते. भाजल्यानंतर दिलेला रंग बराचसा झडला असला, तरी काही अंगांवर तांबूस छटा अजून टिकून आहे.

दालनात उजेड कमी आहे आणि डोळे सरावायला वेळ लागतो. चरांतील ओलावा आणि तापमान काचेआड सांभाळले जाते, रंग टिकावेत म्हणून हे आवश्यकच आहे. त्यामुळे त्याची तक्रार करणे मला योग्य वाटत नाही. किमान तीन तास हाताशी ठेवावेत, आणि लहान मुले सोबत असतील तर त्यांना आधी या जनावरांच्या चराकडेच न्यावे.