गॅलरीवर पत्रा की मेम्ब्रेन? नागपूरच्या उन्हातला हिशेब

शाळेच्या किंवा क्लबच्या मैदानावर हजारेक माणसांची गॅलरी झाकायची म्हटलं की दोन कोटेशनं हातात पडतात. एक लोखंडी ट्रसवर रंगीत पत्र्याचं, दुसरं पांढऱ्या, ताणून बसवलेल्या मेम्ब्रेनचं, म्हणजे लेप दिलेल्या कापडाचं. वानखेडेचं २०११चं टेफ्लॉनचं छत सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेलं असतं, त्यामुळे कमिटीचा कल आधीच मेम्ब्रेनकडे असतो.

उन्हात मेम्ब्रेन खरंच उजवं. पांढरा रंग ऊन परतवतो आणि थोडा उजेड खाली झिरपतो, त्यामुळे दिवसा दिवे लागत नाहीत. नुसता पत्रा नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, तव्यासारखा तापतो. पण त्याखाली इन्सुलेशन घातलं आणि वारा खेळायला जागा ठेवली, तर हा फरक बराच मिटतो. पावसात पत्रा वाजतो, हे मात्र सोसावं लागतं.

वजनाच्या गोष्टीला भुलू नका. मेम्ब्रेन चौरस मीटरला किलोभर, पत्रा चार-पाच किलो. पण पुढे खांब नसलेल्या छताला खरा धोका वारा खालून उचलतो त्याचा. इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक आयएस ८७५ नागपूरसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर धरतं, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. छत हलकं असलं तरी पाया आणि अँकर भक्कमच लागतात. मेम्ब्रेनला तर ताणही धरून ठेवायचा असतो. तो सैल पडला की पावसाळ्यात पोटात पाणी साचतं, आणि पुन्हा ताणणारा माणूस गावात मिळेलच असं नाही. पत्रा फाटला तर कोणताही फॅब्रिकेटर दुपारभरात बदलून देतो.

मेम्ब्रेनच घ्यायचं ठरलं, तर पीव्हीसीचा लेप दिलेलं पॉलिएस्टर कापड की टेफ्लॉनचा लेप दिलेलं काचतंतूचं कापड, हे लेखी घ्या. पहिलं साधारण १५-२० वर्षं टिकतं, दुसरं २५च्या पुढे, पण महाग.

माझं मत विचाराल तर लहान मैदानाला इन्सुलेशनचा पत्रा. मेम्ब्रेन तिथेच, जिथे खांबांशिवाय लांबवर झाकायचं आहे.

मात्र त्याआधी दिशा बघा. मेअखेरीस भरदुपारी सूर्य नागपूरच्या थेट डोक्यावर असतो, तेव्हा कुठलंही छत चालतं. संध्याकाळी पाचला तो जेमतेम २३ अंशांवर येतो, आणि ६ मीटर उंच छताची सावली साधारण १४ मीटर पूर्वेला सरकते. पश्चिमेच्या गॅलरीत पाठीला ऊन, पुढे सावली. पूर्वेच्या गॅलरीची सावली मात्र तिच्या मागच्या रस्त्यावर पडते. बजेट अपुरं असेल तर सगळा खर्च पश्चिमेला करा, पूर्वेला झाडं लावा.