खारपाण पट्ट्यातील मत्स्यबीज: रोहू की तिलापिया?

विदर्भातील पूर्णा नदीच्या खारपाण पट्ट्यात, म्हणजे जिथे जमिनीखालचे पाणी खारट आहे तिथे, बोअरच्या पाण्यावर मत्स्यबीज (तळ्यात सोडायची माशांची पिल्ले) तयार करायचे असेल, तर रोहू की तिलापिया हा निर्णय माशाच्या वाढीपेक्षा त्याच्या प्रजननावर घ्यावा लागतो. रोहूची अंडी फलनानंतर पाणी शोषून फुगतात. पाणी खारट असले की हे शोषण कमी होते आणि अंडी उबण्याचे प्रमाण घटते. शिवाय तळ्यातल्या साचलेल्या पाण्यात रोहू आपणहून अंडी घालत नाही, त्यामुळे संप्रेरकाचे इंजेक्शन आणि गोड्या पाण्याची हॅचरी (अंडी उबवण्याची सोय) असा खर्च वाढतो. तिलापियाची मादी अंडी तोंडातच उबवते आणि सौम्य खारेपणातही प्रजनन करते. तिथे उलट अतिप्रजननाने मासे खुजे राहण्याचीच धास्ती, आणि शासनाची परवानगीही आवश्यक. गोड्या पाण्याची खात्रीची सोय असणाऱ्याने रोहूचे बीज करावे. केवळ सौम्य खारट बोअर असणाऱ्याने परवानगी काढून तिलापिया घ्यावा. रोहूच हवा असल्यास बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) बाहेरून आणून फक्त वाढवावीत.