रसायनशास्त्राचा पहिला संच: काटा उत्तम, पुस्तिका अपुरी

नववीत गेलेल्या माझ्या पुतण्यासाठी आणि त्याच्या दोन मित्रांसाठी मी एप्रिलमध्ये सोलापुरातील शास्त्रीय उपकरणांच्या एका दुकानातून प्राथमिक रसायनशास्त्राचा संच 2,350 रुपयांना घेतला. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे संच उघडून पाहून मत न देता सुट्टीतले तीन आठवडे तो या तिघांकडून वापरून घेतला.

संचात 100 मिलिलिटरचे मोजपात्र, दोन चंचुपात्रे, 10 मिलिलिटरची पिपेट, लाल द्रवाची तापमापी, परीक्षानळ्या, स्पिरिटचा दिवा आणि 0.01 ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. रसायनांमध्ये मोरचूद, नवसागर, तुरटी, खाण्याचा सोडा आणि सायट्रिक ॲसिड मिळते. पिपेटबरोबर रबरी फुगा दिला आहे हे मला विशेष आवडले, कारण तोंडाने द्रव ओढण्याची सवय एकदा लागली की ती मोडणे फार अवघड जाते.

संचाची खरी किंमत काट्यात आहे. पहिल्या दिवशी पिपेटने मोजलेल्या 10 मिलिलिटर पाण्याचे वजन मुलांना 9.7 ते 10.1 ग्रॅम असे कसेही मिळत होते. डोळा पाण्याच्या पातळीसमोर आणून वक्र पृष्ठभागाचा तळ वाचायला ती शिकली, तेव्हा आकडे 9.92 ते 9.96 यांच्या दरम्यान स्थिरावले. मग ‘पूर्ण 10 का येत नाही?’ हा प्रश्न आला. पाण्याची घनता 4 अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वाधिक असते आणि आमच्या खोलीतले पाणी 34 अंशांवर होते; त्या तापमानाला 10 मिलिलिटर पाणी सुमारे 9.94 ग्रॅम भरते, म्हणजे मुलांचे मोजमाप अचूकच होते. वस्तुमान, आकारमान आणि घनता यांचा संबंध फळ्यावरच्या सूत्राने इतका पक्का होत नाही.

पुस्तिका मात्र या काट्याच्या तोडीची नाही. तिच्यात वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा प्रयोग असा दिला आहे: बाटलीत सायट्रिक ॲसिडचे द्रावण घ्यावे, फुग्यात 2 ग्रॅम खाण्याचा सोडा भरून तो बाटलीच्या तोंडावर चढवावा, सोडा आत पाडावा आणि वजन बदलत नाही हे पाहावे. प्रत्यक्षात फुगा फुगल्यावर आमच्या काट्यावर जवळपास अर्धा ग्रॅम कमी दिसला. मुलांनी वायू गळाला असे समजून फुग्याला दोरा बांधला, पुन्हा प्रयोग केला, आणि पुन्हा तेवढीच घट आली. कारण गळती नव्हते. अर्धा लिटर फुगलेला फुगा अर्धा लिटर हवा बाजूला सारतो आणि तिच्या वजनाइतके उद्धरण, म्हणजे वर उचलणारे बल, त्याला मिळते; तेवढेच वजन काट्यावर कमी दिसते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात एक लिटर हवेचे वजन सुमारे 1.1 ग्रॅम असते. सोड्याचे प्रमाण 1 ग्रॅमवर आणून तोच प्रयोग आम्ही एक लिटरच्या, घट्ट झाकणाच्या शीतपेयाच्या बाटलीत केला, तेव्हा वजन हलले नाही. (काचेची बाटली यासाठी कधीही वापरू नये.) पुस्तिकेच्या लेखकाने हा प्रयोग दिलेल्या काट्यावर एकदा जरी करून पाहिला असता, तरी हा खुलासा छापला गेला असता. तसेच पाणी 100 अंशांना उकळते असे तिथे सरसकट लिहिले आहे. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे 450 मीटर उंच असल्याने आमची तापमापी साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपास थांबली, आणि ती बरोबर होती.

सुरक्षिततेच्या बाबतीत माझी तक्रार अधिक गंभीर आहे. चष्मे बाजूंनी उघडे असून मुलांच्या नाकावरून घसरतात. पेटता दिवा स्पिरिटने पुन्हा भरू नये, केस व ओढणी बांधून घ्यावी, पातळ रबरी हातमोजे घालून ज्योतीजवळ काम करू नये, यांपैकी एकही सूचना पुस्तिकेत नाही. नवसागर तापवताना निघणारा धूर घसा जाळतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात. त्याच वेळी पंखा बंद हवा, नाहीतर ज्योत एका जागी राहत नाही आणि काटाही स्थिर होत नाही. एप्रिलच्या सोलापुरात पंखा बंद ठेवायचा तर प्रयोग सकाळी आठच्या आतच उरकावे लागतात, आणि आम्ही तसेच केले.

बाटल्यांवरची नावे फक्त इंग्रजीत, बारीक अक्षरांत आहेत आणि धोक्याचे एकही चिन्ह नाही. पुतण्याच्या एका मित्राच्या घरी तेलुगू बोलतात, दुसऱ्याच्या घरी कन्नड. मोरचुदाची निळी बाटली स्वयंपाकघराच्या फळीवर राहिली, तर तिथे कोणत्याही एका भाषेतले नाव पुरणार नाही. लाल चौकटीतले धोक्याचे चित्र मात्र प्रत्येकाला कळेल. मी तशी चित्रे काढून, खाली मराठी नावे लिहून बाटल्यांवर चिकटवली.

दुकानदाराने तक्रार ऐकून तिन्ही चष्मे बाजूंनी बंद असलेल्या चष्म्यांशी बदलून दिले, तेही जादा पैसे न घेता. पुस्तिका बनवणाऱ्या कंपनीला मी वरच्या सर्व त्रुटी लिहून कळवल्या आहेत. घरात शिकवणारे मोठे माणूस असेल तर हा संच जरूर घ्यावा. मुलांच्या हाती एकट्याने मात्र आजच्या स्वरूपात देऊ नये.