टिळकवाडीतील तरुणींची व्यायाम बॅच: आधी वजने, मग वेग

बेळगावातील टिळकवाडीत आरपीडी चौकापासून चालत जाता येईल अशा एका व्यायामशाळेत केवळ तरुणींसाठी 12 आठवड्यांची सायंकाळची बॅच घेतली जाते. बँकेत, शिकवणीत किंवा संगणकासमोर दिवस घालवणाऱ्या आणि शाळेतला खो-खो सुटल्यापासून व्यायामाशी संबंध न उरलेल्या मुली तिथे प्रामुख्याने येतात. मीही त्यांच्यापैकीच एक. ही बॅच पूर्ण केल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे.

व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी चालणाऱ्यांची बेळगावात कमतरता नाही, मग पैसे भरून वजने कशाला उचलायची, असा प्रश्न घरोघरी विचारला जातो. चालणे चांगलेच आहे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटांच्या मध्यम श्रमाबरोबरच किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम करायला सांगतात, आणि ही दुसरी अट नुसत्या चालण्याने पुरी होत नाही. हाडांची घनता साधारण तिशीपर्यंतच वाढत असल्यामुळे विशीतल्या मुलींनी वजने टाळणे मला विशेष नुकसानीचे वाटते. शिवाय आपल्याकडे जून ते सप्टेंबर मैदानावर रोज जाणे पाऊस कुठे होऊ देतो?

बॅच सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी असते. मधला दिवस स्नायूंच्या विश्रांतीसाठी मोकळा ठेवलेला असतो. अंग मोकळे केल्यावर स्क्वॉट (उठाबशांसारखा व्यायाम), भिंतीला हात टेकून पुश-अप, डंबेल ओढण्याचे व्यायाम आणि हलक्या बारची डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलून उभे राहणे) यांचे प्रत्येकी दोन सेट होतात आणि एका सेटमध्ये 8 ते 12 आवर्तने असतात. त्यानंतरच सायकलवर एक मिनिट जोर आणि दोन मिनिटे सावकाश अशा फेऱ्या सुरू होतात. हा क्रम विचारपूर्वक ठरवलेला आहे. पाय आधीच थकले तर स्क्वॉटची ठेवण बिघडते आणि नवख्या मुलीच्या कमरेवर ताण येतो. वजने आणि दमाचा व्यायाम हे दोन्ही प्रकार एकत्र केल्यास ताकद वाढत नाही, ही भीती व्यायामाचे अभ्यासक रॉबर्ट हिक्सन यांच्या 1980 च्या अभ्यासापासून चालत आली आहे. परंतु त्यातील मंडळी दोन्ही व्यायाम जवळजवळ रोज आणि अतिशय कठोरपणे करत होती. आठवड्यातून तीन दिवस येणाऱ्या, शून्यापासून सुरुवात करणाऱ्या मुलींनी त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही.

प्रशिक्षक मॅडमांची मातृभाषा कन्नड आहे. सूचना त्या स्वच्छ मराठीत देतात, मोजणी मात्र ‘ओंदु, एरडु, मूरु’ अशी चालते आणि काही दिवसांत साऱ्या बॅचच्या तोंडी तीच बसते. त्यांचा मला सर्वाधिक भावलेला गुण म्हणजे संयम. मोबाइलवर पाहून काही मुलींनी ताबाताचा आग्रह धरला, म्हणजे 20 सेकंद सर्वस्व पणाला लावायचे, 10 सेकंद थांबायचे आणि असे आठ वेळा करायचे. मॅडमांनी शांतपणे सांगितले, की ही पद्धत ज्यावरून आली तो 1996 चा प्रयोग खेळाचा सराव असलेल्या तरुण पुरुष विद्यार्थ्यांवर झाला होता. जोराच्या मिनिटात दोन-चार शब्द बोलता यावेत, पूर्ण वाक्य नको, एवढेच माप त्यांनी आम्हाला दिले. बैठी सवय असलेल्या मुलींसाठी हे माप घड्याळातील नाडीच्या आकड्यापेक्षा मला अधिक भरवशाचे वाटले.

दोन गोष्टी मात्र मला गंभीर वाटतात. प्रवेशाच्या अर्जात गुडघेदुखीपासून दम्यापर्यंत सर्व विचारले जाते, हिमोग्लोबिन विचारले जात नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. अशा मुलीला दुसऱ्याच फेरीत धाप लागते, आणि ‘स्टॅमिना नाही’ असे समजून ती स्वतःलाच दोष देत बॅच सोडून जाते. एक साधी रक्ततपासणी सांगितली तर हे टळू शकते.

दुसरी गोष्ट म्हणजे दर शुक्रवारी वजनकाट्यावर उभे करून सर्वांसमोर आकडा वहीत लिहिण्याची पद्धत. सुरुवातीच्या आठवड्यांत शरीराचे वजन फारसे हलत नाही. वाढते ती ताकद, आणि तीही आधी मेंदू व स्नायू यांचा मेळ सुधारल्यामुळे. त्या वहीत किलोऐवजी पूर्ण झालेल्या आवर्तनांची नोंद असती, तर कितीतरी मुलींचा उत्साह टिकला असता.

साहित्य पुरेसे आहे, पण अडीच किलोनंतर थेट पाच किलोचे डंबेल असल्यामुळे खांद्याच्या व्यायामात मधली पायरी मिळत नाही. जागा स्वच्छ असून कपडे बदलण्याची खोली वेगळी आहे. खानापूर किंवा येळ्ळूरकडून येणाऱ्या मुलींनी परतीच्या बसची वेळ पाहूनच नाव नोंदवावे. सकाळच्या बॅचची मागणी आम्ही काही जणींनी लेखी दिली आहे आणि पुरेशा मुली जमल्यास ती सुरू करू, असे व्यायामशाळेने कळवले आहे.