गाडीचा आकडा, मोबाइलचा आकडा की सावलीतला थर्मामीटर?

उन्हात तापलेली गाडी सुरू केली की डॅशबोर्डवर बाहेरचं तापमान ४७ अंश दिसतं आणि मोबाइल ४१ म्हणतो. अशा वेळी मी मोबाइलचं ऐकेन. हीच गाडी मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं वेगात धावली असेल, तर मात्र गाडीचं.

गाडीतला सेन्सर म्हणजे मसुराच्या दाण्याएवढा थर्मिस्टर. तापमान वाढलं की त्याचा विद्युतरोध कमी होतो, त्यावरून आकडा ठरतो. सेन्सर सहसा चांगलाच असतो, घात करते ती त्याची जागा. बहुतेक गाड्यांत तो पुढच्या बंपरमागे किंवा जाळीजवळ बसवतात, म्हणजे खाली डांबर आणि मागे रेडिएटर. भर दुपारी डांबर ६० अंशांच्या वर जाऊ शकतं. गाडी उभी असली की ही सगळी धग सेन्सरभोवती साचते. म्हणूनच अनेक गाड्यांत कमी वेगात चढता आकडा मुद्दाम रोखून धरतात. सिग्नलवर अडकलेल्या गाडीत दिसणारा आकडा त्यामुळे काही वेळा मघाचाच असतो. वेग घेतला की बाहेरची हवा सेन्सरवरून वाहते आणि आकडा खऱ्याच्या जवळ येतो. रात्री तर तो बऱ्यापैकी भरवशाचा.

मोबाइल स्वतः हवा मोजत नाही. तो जवळच्या केंद्राची नोंद किंवा संगणकाने काढलेला अंदाज दाखवतो. केंद्रात तापमापक जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, सावलीत आणि खेळत्या हवेत असतो. दुपारी बाहेर पडायचं की नाही हे ठरवायला हाच आकडा घ्या, सोबत आर्द्रताही बघा, कारण दमट हवेत घाम वाळत नाही आणि कमी तापमानातही शरीर थकतं. घाटात मात्र गाडी सरस. हजार मीटर चढलात की हवा साधारण सहा-सात अंशांनी उतरते, आणि ते डॅशबोर्डवर दिसत जातं.

अंगणात किंवा गच्चीत काम करायचं असेल, तर साधा डिजिटल थर्मामीटर या दोघांपेक्षा उपयोगी. फक्त त्यावर ऊन पडू देऊ नका आणि तापलेल्या भिंतीला टेकवू नका.

बंद गाडीत मूल किंवा कुत्रा ठेवायचा विचार असेल, तर यातला एकही आकडा बघू नका. आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा कितीतरी वर जातं, त्यातली बरीचशी वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते, आणि काच थोडी खाली ठेवून फारसा फरक पडत नाही.

आणि ऐन उन्हाळ्यात गाडी उणे ४० दाखवत असेल, तर सेन्सर तुटलाय किंवा त्याची वायर सुटलीय. लगेच बघून घ्या. बाहेर थंडी आहे असं समजून काही गाड्यांचा एसी कॉम्प्रेसरच चालू होत नाही.