आयरॅप, सिरा की पावसा: गजबजलेल्या पाण्यात टक्करीचा धोका मोजायचा तर काय घ्यायचं?

माझा एक जुना शिपमेट आता किनाऱ्यावर आलाय, कन्सल्टन्सीत आहे. त्याला काम मिळालंय की एका बंदरात नवीन फेरी रूट टाकायचाय, तो मोठ्या जहाजांचा चॅनल आडवा कापून जाणार, तर टक्करीचा धोका किती ते लिहून द्या. त्याचा फोन आला, "अरे तीन-चार पद्धती आहेत, क्लायंट म्हणतो सॉफ्टवेअरवालीच पाहिजे, तू काय म्हणतोस?" फोनवर जे बोललो ते अर्धवटच होतं म्हणून इथे नीट लिहितोय. उदाहरण मुंबई हार्बरचं घेतो, कारण ते पाणी मला जरा माहितीये आणि तिथे सगळी भेळ एकाच कागदात आहे: न्हावाशेव्याचे कंटेनरवाले, जवाहर द्वीपला लागणारे टँकर, नेव्ही, गेटवेवरून घारापुरी-मांडव्याच्या लाँचेस, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो, ससून डॉकचे ट्रॉलर, आणि या सगळ्यात डोल जाळं लावून शांत बसलेली एखादी कोळ्याची होडी.

आधी नावांचं बघू, कारण हसू येतंच. दीपगृहं, बोया वगैरे बघणारी जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे तिच्या नावाचा उच्चार होतो 'आयला'. मीटिंगमध्ये कोणी गंभीरपणे "हे आयलाने सांगितलंय" म्हटलं की मागच्या रांगेत खुसखुस होतेच. तर या आयलाच्या पेटीत मुख्य तीन हत्यारं आहेत, आयरॅप, सिरा आणि पावसा. आयरॅप म्हणजे सॉफ्टवेअरने केलेली आकडेमोड, सिरा म्हणजे छोटा तक्ता, पावसा म्हणजे माणसं बसवून चर्चा (ही मूळ अमेरिकन कोस्ट गार्डची). चौथी गोष्ट आयलाची नाही, ब्रिजवरची आहे (ब्रिज म्हणजे जहाज जिथून चालवतात ती जागा), सीपीए म्हणजे दोन जहाजं एकमेकांच्या किती जवळून गेली ते बघणं. सिम्युलेटर पण आहे, त्याचं शेवटी.

आयरॅपपासून सुरू करतो कारण क्लायंटला तेच हवं असतं. कल्पना जुनी आहे, १९७० च्या दशकात जपानच्या सामुद्रधुन्यांसाठी फुजी आणि डोव्हरसाठी मॅकडफ यांनी मांडलेली. समजा ब्रिजवरची सगळी माणसं डोळे मिटून बसली आणि जहाजं आपापल्या रेषेत चालत राहिली, तर वर्षाला किती वेळा धडकतील? हा झाला भूमितीचा आकडा. मग त्याला गुणायचं एका छोट्या आकड्याने, की अशी वेळ आली तर माणूस खरंच किती वेळा चुकतो. आयरॅपमध्ये हा आकडा आधीच भरलेला येतो, समोरासमोर येणाऱ्यांसाठी दहा हजारांत ०.५, ओव्हरटेकिंगला १.१, आडवं कापणाऱ्यांना १.३. म्हणजे दहा हजार वेळा टक्कर व्हायची परिस्थिती आली तर अर्धा ते सव्वा वेळा कोणीतरी खरंच झोपलेलं असतं, गोंधळलेलं असतं किंवा बिघाड होतो.

मी वहीवर एक ढोबळ गणित करून बघितलं, आकडे माझेच गृहीत धरलेले, कुठल्या बंदराचे नाहीत. चॅनलमधून दिवसाला २० जहाजं, २०० मीटर लांब, १० नॉट. आडव्या ४० फेऱ्या, २० मीटरची लाँच, ८ नॉट, काटकोनात. डोळे मिटून चालवलं तर, दोघांची रुंदीही धरून, वर्षाला साधारण १७८ धडका. गुणिले दहा हजारांत १.३, म्हणजे ०.०२३, म्हणजे ४३ वर्षांतून एक. ऐकायला बरं वाटतं ना, क्लायंट खूश, रिपोर्ट बाइंड करा. आता त्याच लाइनीत लाँचेसएवढ्याच आकाराच्या आणि वेगाच्या अजून ४० मच्छीमार बोटी रोज जात असतील आणि त्या तुमच्या डेटात आल्याच नसतील तर? दुप्पट झालं, २१-२२ वर्षांतून एक. सॉफ्टवेअर तेच, फॉर्म्युला तोच, फक्त मोजणाऱ्याला अर्धे लोक दिसले नाहीत.

आणि दिसत नाहीतच. आयरॅपला खाऊ लागतो एआयएसचा, म्हणजे जहाज आपलं नाव, जागा, वेग रेडिओवरून सतत सांगत राहतं त्या यंत्रणेचा. एआयएस सक्तीचं आहे ते आंतरराष्ट्रीय सफरीवरच्या ३०० टनांवरच्या जहाजांना, देशातल्या देशात चालणाऱ्या ५०० टनांवरच्या मालवाहूंना आणि पॅसेंजर जहाजांना, पण हा नियम सोलासचा, म्हणजे जहाजांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, हार्बरात फिरणारी आपली लाकडी लाँच त्यात धरून चालू नका. युद्धनौकांना सूट. छोट्या होड्यांचा प्रश्नच नाही. एकदा मी भाऊच्या धक्क्यावर पहाटे सहाला मोबाइलवर एआयएसचा नकाशा उघडून उभा होतो. स्क्रीनवर समोरच्या तुकड्यात दोन त्रिकोण, म्हणजे दोन जहाजं, त्यातलं एक नांगरावर. डोळ्यासमोर मात्र बोटींची रांग, बर्फ भरून निघालेल्या, एकमेकींना घासत, त्यांच्या मागून एक टग शिट्टी मारतोय. मी वहीत काट्या मारायला लागलो आणि दहा मिनिटांत काट्यांचा हिशेब चुकला, एवढ्या. तो स्क्रीन बघून कोणी तुम्हाला धोक्याचा आकडा चार दशांश स्थळांपर्यंत दिला तर चहा पाजून घरी पाठवा.

याचा अर्थ आयरॅप वाईट असं नाही हां. बाल्टिमोरचा पूल आठवा, २६ मार्च २०२४, डाली जहाज खांबाला धडकलं, सहा कामगार गेले. नंतर अमेरिकन तपास यंत्रणेने गणित मांडलं तर त्या पुलाचा धोका ठरवलेल्या मर्यादेच्या जवळजवळ ३० पट निघाला. गणिताची पद्धत १९९१ पासून कागदावर होती, त्या पुलासाठी ती कोणी लावूनच बघितली नव्हती. त्यामुळे "आकड्यांना काय अर्थ आहे" म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मी बसत नाही. मोठ्या जहाजांचा सरळ चॅनल असेल, रहदारी सगळी एआयएसवर असेल, आणि प्रश्न "चॅनल शंभर मीटर सरकवला तर काय फरक पडेल" असा असेल तर आयरॅपसारखं दुसरं काही नाही. दोन पर्यायांची तुलना तो छान करतो, कारण दोन्हीकडे चूक सारखीच असते आणि तुलनेत बरीचशी कटते. सुटा आकडा म्हणून मात्र सांभाळून.

आता मुंबईचे तीन अपघात घेऊन प्रत्येक पद्धतीला विचारून बघू, तू हे पकडलं असतंस का?

७ ऑगस्ट २०१०, एमएससी चित्रा आणि खलिजिया ३. एक बाहेर निघालेलं, एक आत येणारं, दोन्ही मोठी. चित्रा कलंडली, शेकडो कंटेनर पाण्यात, तेल पसरलं, बंदर काही दिवस बंद. आयरॅपच्या दृष्टीने हे घरचं गणित, समोरासमोर, दोन्ही एआयएसवर. ही जागा धोक्याची आहे एवढं त्याने दाखवलं असतं. ३० जानेवारी २०११, आयएनएस विंध्यगिरी आणि मालवाहू नॉर्डलेक. एक युद्धनौका, म्हणजे एआयएसच्या डेटात असेलच अशी खात्री नाही, आयरॅप अर्धा आंधळा. आणि १८ डिसेंबर २०२४, घारापुरीला निघालेली नीलकमल लाँच, शंभरावर माणसं, नेव्हीची इंजिन चाचणी चाललेली स्पीडबोट येऊन धडकली, १५ जण गेले. इथे आयरॅप जवळजवळ बाद. ती स्पीडबोट कुठल्या लाइनीत नव्हतीच, वळणं घेत होती, आणि आयरॅपचं गणित मुख्यतः लाइनींवर चालतं. पण गेटवेवरच्या लाँचवाल्यांना चर्चेला बसवून "तुम्हाला भीती कशाची वाटते" असं विचारलं असतं तर जोरात फिरणाऱ्या छोट्या बोटींचा विषय पहिल्या तासात निघाला असता असं मला वाटतं. नंतर शहाणपण सुचतं हे मान्य, तरी वाटतं.

म्हणून पावसा. यात पाणी वापरणारी सगळी माणसं साधारण दोन दिवस एका खोलीत बसवतात, पायलट (बंदरात जहाजाला वाट दाखवणारे), टगवाले, फेरीवाले, मच्छीमार, बंदर, तटरक्षक, पर्यावरणवाले, आणि २४ घटकांवर गुण द्यायला लावतात, जहाजांची अवस्था, रहदारी, हवामान, पाण्याची रुंदी-वळणं, लगेचचे आणि नंतरचे परिणाम असे सहा गट करून. शिवाय कोणाच्या मताला किती वजन हेही आपापसात ठरवतात, जो ज्या विषयातला त्याचं वजन जास्त. कागदावर फार सुंदर.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. अशाच एका बैठकीत मी होतो, बंदराचं नाव नको. एसी हॉल, प्रोजेक्टर, सगळं इंग्रजीत, तीन तांडेल, म्हणजे मच्छीमार बोटींचे प्रमुख, बोलावले होते ते शेवटच्या ओळीत, हातात बिसलेरी आणि फाइल. जेवणापर्यंत एक शब्द नाही. जेवणानंतर आमच्यातल्या एका पायलटने चार्ट काढला आणि सरळ जमिनीवर अंथरला, चपला काढून बसला आणि म्हणाला, काका, तुम्ही जाळी कुठे लावता ते बोटाने दाखवा. वयस्कर तांडेल उकिडवे बसले, एक बोया दाखवून म्हणाले, "ही इथं नाय, वाहून गेलेली, आता इथं हाय." मग म्हणाले, ओहोटीला कंटेनरवाला हे वळण मोठं घेतो, तेव्हा आम्ही इथेच असतो आणि आमच्याकडे रात्री एकच बॅटरी. पाच मिनिटं लागली, आणि सकाळपासूनच्या स्लाइडा एका बाजूला पडल्या. पावसा करायची तर अशी करा, नाहीतर दोन दिवसांचं जेवण होतं फक्त.

कमजोरी पण सांगतो. जो मोठ्याने बोलतो त्याचा धोका मोठा दिसतो, नुकताच झालेला अपघात सगळ्यांच्या डोक्यात असतो आणि दहा वर्षांपूर्वीचा विसरलेला असतो. पायलट म्हणतात मच्छीमार बेशिस्त, मच्छीमार म्हणतात तुम्ही आमच्या जाळ्यावरून जाता. दोघंही खरं बोलत असतात.

सिरा म्हणजे याचाच धाकटा भाऊ. शक्यता १ ते ५, परिणाम १ ते ५, गुणाकार, हिरवा-पिवळा-नारंगी-लाल. ज्यांच्याकडे डेटा नाही, पैसा नाही अशांसाठी बनवलेली. एका खोलीत पाच-सहा जाणती माणसं बसली की दोन-चार दिवसांत काहीतरी हातात येतं, छोट्या जेटीला, खाडीतल्या बंदराला हे पुरतं. मला एकच खटकतं, शक्यता २ की ३ यावर वाद घालताना लोक परिणामाकडे दुर्लक्ष करतात. शंभर माणसांची लाँच असेल तर परिणामाचा खाना ५ च, तिथे घासाघीस नको.

सीपीए हा वेगळा प्राणी आहे. एआयएस किंवा व्हीटीएसच्या (बंदराच्या जहाज-वाहतूक नियंत्रण कक्षाच्या) रडारवरून महिनाभरात कोण कोणाच्या किती जवळून गेलं ते काढायचं, आणि थोडक्यात वाचलेल्या घटना नकाशावर ठिपक्यांनी मांडायच्या. अपघात होईपर्यंत थांबावं लागत नाही हा मोठा फायदा. पण हार्बरात दोन जहाजं दोन केबलवरून जाणं, म्हणजे पावणेचारशे मीटर, हे रोजचंच असतं, पायलट आणि टग एकमेकांना ठरवून घासून जातात, त्यामुळे खुल्या समुद्रातला मैलभर अंतर ठेवायचा नियम इथे लावला तर सगळा नकाशा लाल होतो. रूट सुरू झाल्यावर लक्ष ठेवायला हे चांगलं, आधी मंजुरीसाठी एकटं पुरत नाही.

सिम्युलेटर महाग पडतो, पण नवीन जेटीच्या तोंडाशी वळण बसतंय का, भरतीच्या ओढीत फेरी चॅनलमध्ये अडकते का, एवढा एकच प्रश्न असेल तर घ्या, आणि ब्रिजवर त्याच बंदराचा पायलट उभा करा, भाड्याचा कॅप्टन नको.

मग मित्राला काय सांगितलं? पहिल्यांदा सिरा, आठवड्याभरात, आणि त्यात तांडेल-लाँचवाले हवेतच. लाल-नारंगी जे निघेल तेवढ्यावर आयरॅप लावायचा, पण एआयएसच्या डेटावर हाताने मोजलेल्या बोटी वरून भरून, आणि रिपोर्टात दोन्ही आकडे शेजारी छापायचे, बोटींशिवाय आणि बोटींसकट. आडवं कापणाऱ्यांचा तो १.३ सुद्धा जसाच्या तसा घ्यायचा नाही, लाँचवर रडार नाही, रात्री खलाशी एक, तर दुप्पट करून पण एक ओळ दाखवायची. पूर्ण पावसा तेव्हाच, जेव्हा बंदर मोठं आहे, भांडणं जुनी आहेत आणि नंतर लोकांनी नियम पाळावेत अशी खरंच इच्छा आहे, कारण ज्याला बनवताना विचारलं तोच पाळतो. क्लायंट फक्त सॉफ्टवेअरच मागत असेल तर त्याला समुद्रावर टक्कर टाळायच्या नियमांतला सातवा दाखवायचा: अपुऱ्या माहितीवरून अंदाज बांधू नका. तो ब्रिजवरच्या माणसासाठी लिहिलाय, पण ऑफिसातल्या माणसाला जास्त लागू पडतो.

आणि हो, हे फोनवर राहून गेलं होतं, मग रात्री मेसेज टाकला. त्याच्या क्लायंटने जून-जुलैचा एआयएस डेटा फुकट दिला होता, म्हणून गडी खूश होता. जून-जुलैत मासेमारी बंद, लाँचेस बऱ्याचशा ओढून ठेवलेल्या, ते पाणी म्हणजे रविवारी पहाटेचं दादर. म्हटलं तो डेटा ठेव बाजूला, नारळी पौर्णिमा होऊ दे, त्याच्या पुढच्या आठवड्यात सहा वाजता वही घेऊन धक्क्यावर जा, आणि मोजायला दोघं जा.